एचआयव्हीमुळे पोरकी झालेली मुले : गटाने आधार द्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा : "आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे. आई किंवा वडील, किंवा दोघेही एचआयव्हीने गेलेली चाळीसेक मुले आसपास आहेत, असे एआरटी केंद्रातल्या (जिथे एचआयव्हीची औषधे मिळतात) समुपदेशकाकडून कळले. थोडा निधी जमला आहे, एक जागाही मिळू शकते. काही जण म्हणतात वसतिगृह काढू, काही म्हणतात दप्तरे, वह्या आणि फी देऊ. नेमके काय उपयोगी पडते, आणि आधी काय करावे?"

जागेचा विषय आधी मिटवू. वसतिगृह काढू नका. निदान पहिली पाच वर्षे तरी नको.

या कामातली माझी पहिली चार वर्षे एका बालगृहात गेली. तिथल्या फायली चाळताना लक्षात आले की 'अनाथ' म्हणून नोंदवलेल्या बहुतेक मुलांचे कोणी ना कोणी होते. कुणाची आई जिवंत होती, पण अंथरुणाला खिळलेली. कुणाची आजी दर महिन्याला भेटायला यायची आणि जाताना फाटकाशी बराच वेळ उभी राहायची. मूल नकोसे झाले म्हणून त्यांनी ते सोडले नव्हते. आमच्याकडे दोन वेळचे जेवण आणि शाळा होती, त्यांच्याकडे नव्हती, एवढेच. गरिबीचा प्रश्न आम्ही मूल उचलून नेऊन सोडवत होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १८ वर्षांखालच्या मुलाचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक जरी गेले तरी ते 'अनाथ' मोजले जाते. युनिसेफच्या २०१५ च्या अंदाजात अशी सुमारे १४ कोटी मुले होती. त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली सुमारे दीड कोटी. एड्समुळे किमान एक पालक गमावलेल्या मुलांची संख्या १.४ कोटींच्या आसपास सांगितली जाते. असे आकडे ऐकले की डोळ्यांसमोर इमारत उभी राहते. प्रत्यक्षात बहुतेक दारांमागे एखादी आई, आजी, मावशी नाहीतर मोठी बहीण असते.

संशोधनही हेच सांगते, पण त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. रोमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात संस्थेत वाढणाऱ्या १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांत, ठेवले. घरात गेलेल्यांची बुद्धी आणि भाषा जास्त चांगली वाढली, आणि जी सुमारे दोन वर्षांच्या आत गेली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणून अगदी लहान मुलांना संस्थेत ठेवू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उलट २००९ मध्ये पाच देशांत ६ ते १२ वयाच्या मुलांचा जो अभ्यास झाला, त्यात संस्थेतली मुले घरातल्या मुलांपेक्षा मागे दिसली नाहीत. घर असो वा संस्था, सांभाळ चांगला की वाईट याने जास्त फरक पडत होता. तेव्हा इमारत म्हणजे पाप असे मी म्हणत नाही. पण एका मुलाला संस्थेत ठेवायला जो खर्च येतो, त्यात घरातच राहणारी कितीतरी मुले उभी राहतात, आणि इमारत एकदा बांधली की ती भरण्यासाठी मुले शोधली जातात. हे मी स्वतः पाहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही कुटुंब पहिले आणि संस्था शेवटी असाच क्रम आहे. माझ्या मते अपवाद दोनच : घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तेव्हा, आणि खरोखर कोणीच नसेल तेव्हा, तेही थोड्या काळासाठी, भावंडे एकत्र ठेवून.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याकडे. मुले 'आहेत असे समुपदेशकाकडून कळले.' त्याने फक्त आकडा सांगितला असेल तर ठीक. नावे किंवा पत्ते सांगितले असतील, तर त्याची चूक झाली आहे. तो कागद फाडून टाका आणि त्या यादीवर कुणाच्याही दारात जाऊ नका. ज्या घराने स्वतःहून तुम्हाला बोलावलेले नाही, त्या घरावर तुमची भेट म्हणजे शेजाऱ्यांसाठी पाटीच. आमच्या गाडीवर संस्थेचे नाव होते. ती गल्लीत शिरली की लोक खिडक्यांतून बघायचे ती कुठे थांबते ते. एका आईने मला हात जोडून सांगितले, "ताई, चालत या, नाहीतर येऊच नका." त्या दिवसापासून नाव पुसले, टोप्या-टीशर्ट बंद केले.

याच कारणासाठी 'एचआयव्हीची मुले' अशी वेगळी यादी करू नये. झिम्बाब्वेतल्या मुतारे शहरात फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट नावाची संस्था आहे. बालरोगतज्ज्ञ जेफ फॉस्टर यांनी ती १९८७ मध्ये सुरू केली. १९९३ पासून तिच्या कार्यक्रमात स्थानिक चर्चमधल्या महिला स्वयंसेविका घरोघरी जात. कोणते घर अडचणीत आहे हे बाहेरचा सर्वेक्षक नव्हे, त्या बायकाच ठरवत. बाप कशाने मेला हे त्या विचारत नसत. चूल पेटते का, मुले शाळेत जातात का, हे बघत. हा धडा मी पुढे प्रत्येक ठिकाणी वापरला. अपघातात बाप गेलेले मूल आणि एड्सने बाप गेलेले मूल शेजारी राहत असेल, आणि एकालाच वह्या मिळाल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळते का मिळाल्या ते. वह्या, पैसे, भेटी हे गरजेवर द्या. एचआयव्हीशी थेट संबंध असलेली गोष्ट एकच, औषधोपचार. ती केंद्रामार्फत, गुपचूप आणि नेमकी चालू द्या.

नेमकी म्हणते, कारण या मुलांत चार वेगवेगळे गट असतात आणि ते एकत्र झाले की गोंधळ होतो. काहींना स्वतःला संसर्ग आहे. काहींना नाही, पण आई-वडील आजारी आहेत किंवा गेले आहेत. काहींना संसर्ग नाही आणि पालकही औषधांवर ठणठणीत आहेत, पण घराला डाग लागला आहे. आणि चौथा गट, ज्यांची तपासणीच झालेली नाही. तुमची सगळ्यात मोठी घाई या चौथ्या गटासाठी असावी.

उपचार न मिळालेल्या संसर्गित बाळांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीचे निकाल २००८ मध्ये आले : निदान होताच औषध सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू, आजार दिसेपर्यंत थांबलेल्यांच्या तुलनेत, ७६ टक्क्यांनी कमी झाले. तरीही २०२३ मध्ये जगभरातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांपैकी फक्त ५७ टक्के उपचारांवर होती. प्रौढांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होते. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत मुले सुमारे ३ टक्के, एड्सच्या मृत्यूंत सुमारे १२ टक्के. औषध नाही म्हणून असे होते हा समज सोडा. ही मुले तपासणीपर्यंत पोचतच नाहीत.

ती का पोचत नाहीत? एका घरात थोरली मुलगी औषधांवर होती आणि धाकटा "अगदी धडधाकट" म्हणून कुणी त्याची तपासणी केली नव्हती. तो वयाच्या मानाने बुटका होता, कान वारंवार फुटायचे, वर्षात दोनदा अंगावर नागीण उठली होती. नऊ वर्षांचा असताना त्याचे निदान झाले. आईकडून संसर्ग झालेली काही मुले अशी हळूहळू खंगत दहा-बारा वर्षांपर्यंत जातात. म्हणून नियम सोपा ठेवा : आईला एचआयव्ही असेल, किंवा ती कशाने गेली हे कळत नसेल, तर तिच्या प्रत्येक मुलाची तपासणी झालीच पाहिजे, वय कितीही असो, तब्येत कशीही दिसो. बाळांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. साधी चाचणी विषाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे साध्या चाचणीतल्या 'पॉझिटिव्ह'ला त्या वयात अर्थ नसतो. विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी लागते, ती साधारण सहाव्या आठवड्यात करतात. घाबरलेल्या आजीला हे शांतपणे समजावणे हे तुमच्या स्वयंसेवकाचे काम आहे, कारण केंद्रात तिच्यासाठी कुणाकडे पाच मिनिटेही नसतात.

आता खरा विषय, गृहभेट. मला कुणी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. दप्तर एकदा देऊन होते. दर पंधरवड्याला तेच माणूस दारात येणे ही वेगळी गोष्ट आहे.

एका स्वयंसेवकाकडे आठ ते दहा घरांपेक्षा जास्त देऊ नका. आम्ही उत्साहात पंचवीस दिली होती. सहा महिन्यांत भेटी कागदावर होऊ लागल्या आणि एक मुलगा तीन महिने औषधाविना होता हे कुणालाच कळले नाही. पहिल्या तीन भेटींत वही बाहेर काढायची नाही. बसायचे, बोलायचे, निघायचे. चौथ्या भेटीला घर आपोआप बोलू लागते. आणि माणूस बदलू नका. ज्या मुलांनी दोन वर्षांत दोन मरणे पाहिली आहेत, त्यांच्याकडे दर तीन महिन्यांनी नवा 'दादा' पाठवायचा म्हणजे जखमेवरची खपली काढायची.

भेटीत काय बघायचे? गोळ्यांची बाटली मागून घ्या आणि तारखेच्या हिशोबाने किती उरायला हव्यात ते मनात मोजा. जास्त उरल्या तर रागावू नका, "कोणत्या वेळेला राहते?" एवढेच विचारा. उत्तर बहुधा साधे असते : सकाळी शाळेची घाई, रात्री मूल आधीच झोपते, पाहुणे आले की आजी बाटली लपवते आणि विसरते. डोस वजनावर ठरतो, म्हणून मूल वाढले आणि डोस जुनाच राहिला असे होऊ शकते. शेवटचे वजन कधी केले ते विचारा. आजीला चष्मा लागतो का बघा. एका घरी मी पाहिले, पातळ औषधाच्या सिरिंजवरच्या बारीक रेघा आजीला दिसतच नव्हत्या; ती अंदाजाने भरत होती. आम्ही योग्य रेघेवर लाल चिकटपट्टी लावली. त्यानंतर त्या मुलाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, उतरला. त्या पट्टीला काहीच खर्च आला नव्हता.

पातळ औषधांवरून आठवले. लहानांना पूर्वी जे लोपिनाविर-रिटोनाविरचे सिरप देत, ते इतके कडू की मूल ओकायचे, त्यात अल्कोहोल भरपूर, आणि ते थंड ठेवायची कटकट. आजीने ते कसे पाजायचे हे एक युद्धच होते. २०२१ च्या सुमारास डोल्युटेग्राविरच्या पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्या आणि कितीतरी घरांतले रोजचे रडणे थांबले. एखादे लहान मूल अजून जुन्या औषधावर असेल तर केंद्रात विचारणा करा. हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

आणि सांभाळणाऱ्या माणसाकडे बघा. माझ्या सगळ्या अनुभवाचे सार एका ओळीत सांगायचे तर आपण मुलाला आधार देत नाही. मुलाला धरून ठेवणाऱ्या माणसाला धरून ठेवतो. ती आजी ६५-७० वर्षांची आहे, तिने स्वतःची मुलगी पुरली किंवा जाळली आहे, तिचा रक्तदाब वाढलेला आहे, आणि तिच्या दुःखाची चौकशी कुणीच करत नाही, कारण सगळे नातवाबद्दल विचारतात. भेटीतला अर्धा वेळ तिला द्या. तिच्या औषधांची चौकशी करा. तिच्यासारख्या पाच-सात जणींना महिन्यातून एकदा एकत्र बसवा, विषय न ठरवता. आणि एक अवघड प्रश्न वेळेत विचारा : "तुमच्यानंतर कोण?" पहिल्यांदा विचारताना माझी जीभ जड झाली होती. पण आजी म्हणाली, "रोज रात्री हेच डोक्यात असते, कुणाशी बोलू कळत नव्हते." पुढचा सांभाळकर्ता आजी जिवंत असतानाच ठरवा, मुलांची त्याच्या घरी ये-जा वाढवा, आणि मुलांनाही विचारा. मरणानंतर नातेवाइकांच्या बैठकीत वाटणी होते, तेव्हा भावंडे वेगवेगळ्या घरांत जातात आणि घर भलत्याच्या नावावर.

पैशांबद्दल गट नेहमी बिचकतात. "रोख दिले तर उडवतील." पुरावा तसे सांगत नाही. केनियाने २००४ मध्ये अनाथ आणि असुरक्षित मुले सांभाळणाऱ्या घरांना नियमित रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासले तेव्हा त्या घरांतल्या किशोरवयीनांत लवकर लैंगिक संबंध सुरू होण्याची शक्यता ३१ टक्क्यांनी कमी दिसली, आणि हा कार्यक्रम त्यासाठी आखलेलाच नव्हता. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात शाळकरी मुलींना आणि त्यांच्या पालकांना रोख मदत दिली. १८ महिन्यांनी एचआयव्हीचे प्रमाण मदत मिळालेल्यांत १.२ टक्के आणि न मिळालेल्यांत ३ टक्के होते. आता तोल सांभाळू : दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शाळेच्या हजेरीशी जोडलेल्या पैशांनी नव्या संसर्गात फरक पडला नाही. तिथे जवळपास सगळ्याच मुली आधीपासून शाळेत जात होत्या. पैशाने हलवायला काही उरलेच नव्हते. माझा निष्कर्ष : पैसा जिथे अडलेला दगड हलवतो तिथेच काम करतो, म्हणून आधी दगड कोणता ते बघा. केंद्रापर्यंतचे भाडे असेल तर भाडे द्या. परीक्षा शुल्क असेल तर ते. दप्तर हा क्वचितच दगड असतो. ते आपल्याला द्यायला आवडते, फोटो छान येतो.

फोटोचे निघाले म्हणून, काढूच नका. चेहरा धूसर करूनही नाही. गणवेश, भिंत, भावंडे, सगळे ओळखता येते.

घराच्या कमाईसाठी मी बचत गटावर भर देते. बाहेरचे भांडवल न घेता सदस्यांनीच थोडे थोडे साठवायचे, आपसांत कर्ज द्यायचे, वर्षाअखेरीस हिशोब वाटून घ्यायचा. केअर या संस्थेने १९९१ मध्ये नायजरमधल्या महिलांबरोबर ही पद्धत बसवली आणि मग ती खंडभर पसरली. गट फक्त 'एचआयव्हीवाल्यां'चा करू नका, कारण वर सांगितलेच. शिलाई मशीन वाटणे, शेळ्या वाटणे असल्या योजनांचा माझा अनुभव मात्र निराशाजनक आहे. आजारी आईला शेळीमागे धावता येत नाही.

शाळेचे थोडक्यात. शाळेला मुलाची स्थिती सांगण्याची गरज नाही, मूल कुणालाही धोका नाही. एकत्र खेळण्याने, खाण्याने, खोकल्याने, एका बाकावर बसल्याने हा विषाणू पसरत नाही. गरज असते ती हजेरीच्या समजुतीची : महिन्या-दोन महिन्यांनी मूल केंद्रात जाते, त्या दिवशीचा अभ्यास त्याला कोण देणार? एक विश्वासू शिक्षक किंवा वर्गमित्र पुरतो.

आता ज्याला सगळे टाळतात तो विषय, मुलाला सांगायचे कधी. नातेवाईक म्हणतात, "मोठे झाल्यावर." एक मुलगा १३ वर्षांचा होईपर्यंत त्याला "या ताकदीच्या गोळ्या आहेत" असे सांगितले होते. बाटलीवरचे नाव त्याने स्वतःच फोनवर शोधले. आठ दिवस तो कुणाशी बोलला नाही, नंतर म्हणाला, "रोग झाला त्याचे काही नाही, तुम्ही सगळे खोटे बोललात." त्याने वर्षभर गोळ्या टाकून दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची शिफारस स्पष्ट आहे : ६ ते १२ या शाळकरी वयात मुलाला स्वतःच्या संसर्गाबद्दल सांगावे, त्याहून लहान असताना समज वाढेल तसे टप्प्याटप्प्याने सांगावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते, "तुझ्या अंगात एक झोपलेला शत्रू आहे, गोळी त्याला झोपलेलाच ठेवते." आठ-नऊला शरीरातले सैनिक आणि रक्ताची तपासणी. मग नाव. नाव सांगण्याचा दिवस एकच असतो, पण त्याआधी दोन-तीन वर्षे तयारी चालू असते. सांगायचे काम पालकाचे, तुम्ही शेजारी बसायचे. आणि त्याच बैठकीत ठरवायचे : हे कुणाला सांगायचे, कुणाला नाही, कुणी विचारले तर काय म्हणायचे. या शेवटच्या भागाचा सराव करून घ्या, अगदी नाटकासारखा.

मुलाला हे कळते तेव्हा एक प्रश्न येतोच : "आईने मला दिला का हा?" पाठ केलेले उत्तर देऊ नका. मी म्हणते, "आईलाही माहीत नव्हते. तिने तुला द्यायचे म्हणून दिले नाही." आई हयात असेल तर ती रडते, मूल रडते. रडू द्या.

जिवंत आईसाठी युगांडातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांच्या संघटनेने, नॅकवोलाने, १९९० च्या दशकात रुजवलेली एक सुंदर पद्धत आहे, स्मरणवही. आई किंवा बाप मुलासाठी एक वही लिहितात : तू जन्मलास तेव्हा पाऊस होता का, तुझे नाव कुणी ठेवले, माझे आई-बाप कोण, मला काय आवडायचे. आता औषधांमुळे बहुतेक आया जगतात, तरीही वही उपयोगी पडते, कारण लिहिता लिहिता आजाराचा विषय घरात पहिल्यांदा उघडतो. लिहिता येत नसेल तर स्वयंसेवकाने लिहून घ्यावे. शब्द आईचेच ठेवावेत, सुधारू नयेत.

दुःख ओसरते असे आपण मानतो. केप टाऊनमध्ये एड्सने पोरक्या झालेल्या मुलांचा चार वर्षांनी पुन्हा अभ्यास केला तेव्हा त्यांचे नैराश्य आणि चिंता कमी न होता वाढलेली दिसली, इतर कारणांनी पोरक्या झालेल्यांपेक्षा जास्त. कलंक, गरिबी, छळ हे मरणानंतरही चालू राहतात. म्हणून सहा महिन्यांच्या 'समुपदेशन प्रकल्पा'वर माझा विश्वास नाही. वागणे अचानक बदलले, झोप उडाली, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, मरण्याची भाषा आली, तर तुमच्या गटाने स्वतः समुपदेशन करायला जाऊ नये. त्याच दिवशी मुलाला सोबत घेऊन प्रशिक्षित माणसापर्यंत पोचवावे.

किशोरवयीनांना मोठ्या माणसांचे ऐकायचेच नसते, आणि त्यात काही चूक नाही. झिम्बाब्वेतल्या हरारेत २००४ मध्ये काही एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलामुलींनी आपला गट हवा म्हटले, त्यातून 'झ्वान्दिरी' उभा राहिला. शोना भाषेत त्याचा अर्थ 'मी जशी आहे तशी' असा. १८ ते २४ वयाचे, स्वतः एचआयव्हीसह जगणारे तरुण प्रशिक्षण घेऊन लहान मुलांकडे जातात, फोन करतात, केंद्रात सोबत बसतात. या पद्धतीची रीतसर चाचणी झाली : ९६ आठवड्यांनी विषाणू आटोक्यात नसणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण सोबती मिळालेल्यांत २५ टक्के, नेहमीच्या सेवेत ३६ टक्के. तुमच्याकडे अशी दोन-तीन तरुण मुले असतील तर गटाचे निर्णय घेताना त्यांना टेबलाशी बसवा, नुसते मंचावर बोलायला नको. आणि त्यांच्या कामाचा मोबदला द्या. मोफत राबवून घेतलेल्या तरुणाला वर्षभरात नोकरी लागते आणि मुले पुन्हा एकटी पडतात.

सुरक्षिततेचा नियम पहिल्या दिवशी लेखी करा : कोणताही स्वयंसेवक मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, मुलाला स्वतःच्या घरी नेणार नाही, मुलाशी खासगीत निरोपांची देवाणघेवाण करणार नाही. तक्रार कुणाकडे करायची ते मुलांना माहीत असावे, आणि ते माणूस गटप्रमुखाचे नातेवाईक नसावे. पोरके मूल सगळ्यात सोपी शिकार असते, आणि चांगल्या कामाच्या आडून शिकारी येतात. आमच्या गटात असा एक माणूस दोन वर्षे होता. सगळे त्याला देवमाणूस म्हणत.

कागदपत्रे कंटाळवाणी असतात, पण याच कामाला सर्वांत उशीर झाला की सर्वांत महाग पडते. जन्मनोंद, पालकाचा मृत्यूदाखला, घर किंवा जमिनीचा कागद : आई-बाप आजारी असतानाच यांची एक प्रत सुरक्षित ठिकाणी ठेवा. मोठे भावंडच घर चालवत असेल तर तिथला कायदा काय म्हणतो ते बघा. उदाहरणार्थ, भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात १२ ते १८ वयाचे, पुरेशी समज असलेले आणि घर सांभाळणारे भावंड, शाळाप्रवेश, बँक खाते, मालमत्ता, उपचार अशा कामांसाठी धाकट्यांचे पालक मानले जाते. अशी तरतूद असूनही खिडकीपलीकडच्या माणसाला ती माहीत नसते. कलमाची छापील प्रत घेऊन मुलीबरोबर तुमच्यातले कोणी तरी जा.

निधीबाबत सावध करते. २००३ मध्ये परदेशांतल्या एचआयव्हीच्या कामाला पैसा देणारा अमेरिकेचा पेपफार कार्यक्रम सुरू झाला, त्यातला दहावा हिस्सा अनाथ आणि असुरक्षित मुलांसाठी राखून ठेवला गेला, आणि त्यावर कितीतरी देशांत हजारो घरभेटी उभ्या राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा अनेक ठिकाणी भेट देणारे लोक एका आठवड्यात घरी बसले. जिथे काम शेजाऱ्यांनी, बचत गटांनी, तरुणांनी आपले म्हणून धरले होते, तिथे निदान गोळ्यांची आठवण आणि केंद्रापर्यंतची सोबत चालू राहिली. म्हणून तुमचे बजेट एकाच देणगीदारावर टांगू नका, आणि चाळीस मुलांची घाई करू नका. बारा घरे घ्या, पण पाच वर्षांसाठी. प्रत्येक घरातून तुम्ही केव्हा बाजूला होणार ते सुरुवातीलाच ठरवा : व्हायरल लोड वर्षभर आटोक्यात, मुले शाळेत, घरात कमाईचे एक साधन, पुढचा सांभाळकर्ता ठरलेला. मग भेटी महिन्यावर, तिमाहीवर न्या. एकदम तोडू नका.

या महिन्यात करायचे एवढेच. समुपदेशकाकडे परत जा. त्याच्याकडून नावे घेऊ नका. तुमच्यातल्या दोघांची नावे आणि एक फोन नंबर त्याच्याकडे ठेवा, आणि ज्यांना हवे असेल त्यांनी फोन करावा असे त्याला सांगू द्या. दरम्यान तुमच्यातल्या सहा जणांनी केंद्राच्या बाहेरच्या बाकावर चार सकाळी बसून बघावे, आजी नातवाला घेऊन किती वाजता येते, किती वाजता निघते, मधल्या वेळात दोघे काय खातात. पहिला फोन यायला दहा-बारा दिवस लागतात, कधी महिना. आला की चालत जा.